उतरायचं कुठे

नाशिकला आमच्याकडे पाहुण्याच्या हाती पाण्याचा तांब्या देण्याआधी एकच प्रश्न विचारला जाई, "उतरलात कुठे?" पंचवटीत नदीपासून हाकेच्या अंतरावर आमच्या दोन खोल्या होत्या, त्यामुळे दोन्हीकडचं अख्खं गणगोत आमच्याकडेच उतरे. कुणी स्नानाला, कुणी श्राद्धाला, कुणी वणीच्या देवीला जाता-येता. त्या दोन खोल्यांत मी अकरा माणसं झोपलेली पाहिली आहेत. बारावा मी, जिन्यात. माझी कुरकुर चाले. बायकोची कधीच नाही.

एकदा तिचा मावसभाऊ सोमवती अमावास्येच्या स्नानाला आला. सत्तर-एकाहत्तरची गोष्ट असेल. आम्हाला त्रास नको म्हणून तो घाटाजवळच्या धर्मशाळेत उतरला. फुलवालीकडून हिला ते कळलं. भर दुपारी ही धर्मशाळेत गेली, त्याची वळकटी काखेत मारली आणि एक अक्षर न बोलता घराकडे चालू लागली. मागून तो, "अगं अक्का, ऐक तरी," करत. आमचा मुलगा तेव्हा शाळकरी होता. तोही तिच्याबरोबर गेला होता. मी दारात उभा होतो. वळकटी कोपऱ्यात ठेवून ती भावाला म्हणाली, "हातपाय धुऊन घे." राग, समजूत, माया सगळं एवढ्यातच उरकलं.

पंच्याऐंशी साली तोच मुलगा लंडनमध्ये नोकरीला होता. त्याची आई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याने मला विमानाचं तिकीट पाठवलं आणि बरोबर एक जाड पाकीट. त्यात शहराचा नकाशा आणि तीन हॉटेलांची रंगीत पत्रकं होती. पत्रात लिहिलं होतं, "बाबा, आमची जागा लहान आहे आणि तिला पाहुण्यांची सवय नाही. मला पाच दिवसांची रजा मिळाली आहे. या तिन्हींतलं कोणतं ते तुम्हीच ठरवा. मला बागेजवळचं बरं वाटतं." तिला म्हणजे सूनबाईंना, त्या तिकडच्याच.

मी पत्र दोनदा वाचलं आणि कपाटावर भिरकावलं. पोटच्या पोराच्या गावी जाऊन लॉजमध्ये उतरायचं! राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी नकाशा जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या.

पहिलं हॉटेल मोठ्या स्टेशनाजवळ होतं. ओझरच्या विमान कारखान्यातले एक ओळखीचे तिकडे जाऊन आले होते. ते ठामपणे म्हणाले, "स्टेशन सोडू नका. सगळ्या गाड्या तिथूनच." दुसरं बागेजवळचं, पत्रकावर खिडकीत फुलं, संग्रहालय पायी जाण्यासारखं. तिसरं हॉटेल नव्हतंच. कुणा बाईंचं घर, वर भाड्याच्या चार खोल्या, न्याहारी मिळणार, आसपास पाहण्यासारखं काही नाही. पण ते मुलाच्याच वस्तीत होतं. मी नकाशावर दोन घरांच्या मध्ये दोरा लावला आणि तो खालच्या अंतराच्या पट्टीवर मोजला. आमच्या घरापासून रविवार कारंज्याच्या चौकाइतकंही अंतर नव्हतं. तिथेच माझं ठरलं. बागेजवळून बॅग त्याच्या घरी न्यायची म्हणजे दोन गाड्या बदलाव्या लागल्या असत्या. इथून ती हातात उचलून नेता येणार होती. लोक हॉटेल निवडताना राहायची सोय पाहतात. मी निघून जायची पाहिली.

मुलाला लिहिलं, "तिसरं ठीक वाटतं. न्याहारी मिळते." बाकी काही लिहिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या वहिनी सुनेसाठी कुरडया घेऊन आल्या. "पोराकडंच उतरायचं ना भाऊ? मग काय, मज्जा हाय तुमची!"

"तर हो, दुसरीकडे कुठे," मी म्हणालो, आणि कुरडया मोडणार तर नाहीत ना हे उगाच बघत राहिलो.

मुलाने मला विमानतळावरून थेट त्या बाईंच्या घरी आणलं. बॅग वर नेऊन ठेवली आणि म्हणाला, "उद्या दहाला येतो." खोली स्वच्छ होती, खिडकीतून समोरची विटांची भिंत दिसे. मी टॉवेल आणि पायजम्यापुरती बॅग उघडली. सकाळी उठून सगळं पुन्हा भरलं, पांघरुणाची घडी घातली, बॅग दाराशी ठेवली आणि बूट घालून पलंगावर बसून राहिलो. तो येईल आणि उचलेल. बोलायची गरजच नव्हती. आपल्यात असं बोलून दाखवत नाहीत.

बरोबर दहाला तो आला. बॅगेकडे पाहून म्हणाला, "सामान लावलं नाहीत?"

"सगळं वरवरच आहे रे," मी म्हणालो.

त्याने मला राणीचा वाडा दाखवला, नदी दाखवली, पूल दाखवले. तो मनापासून दाखवत होता, हे सांगितलंच पाहिजे. संध्याकाळी दारापर्यंत सोडून जायचा. असे चार दिवस गेले. चारही सकाळी मी बॅग भरली.

तिसऱ्या संध्याकाळी त्याने जेवायला घरी नेलं. सूनबाईंनी भात केला होता. कुरडया त्यांना फार आवडल्या. काचेच्या भांड्यात घालून कच्च्याच शोभेला ठेवल्या होत्या. माझं लक्ष मात्र त्यांच्या पॅसेजकडे होतं. त्या पॅसेजमध्ये आमच्याकडचे चार जण ऐसपैस झोपले असते. "जागा चांगली आहे की रे," मी म्हणालो.

"कुठे हो, अडचणच होते," तो म्हणाला.

मग त्याने मला चालत परत आणून सोडलं. सात मिनिटं लागली. दोरा अगदी बरोबर निघाला होता. त्या खोलीत मला इतकं एकटं वाटलं की मी गेलेल्या बायकोवरच चिडलो. ती असती तर तिने बॅग उचलली असती आणि सात मिनिटांत लेकाचं दार वाजवलं असतं. मला ते जमण्यासारखं नव्हतं. मी पहिल्यापासून दारात उभा राहणारा.

पाचव्या सकाळी नऊच्या आतच जिन्यात पावलं वाजली. मी बूट घालून बसलोच होतो. तो आत आला, माझ्याकडे न पाहता वाकला, बॅग उचलली आणि एक अक्षर न बोलता चालू लागला. चाल थेट आईची, झपझप, मान थोडी वाकडी. मी मागोमाग निघालो. "अरे, ऐक तरी," असं माझ्या तोंडून निघूनही गेलं. रस्त्याच्या टोकाला त्याचं घर उजवीकडे होतं. तो डावीकडे, स्टेशनाकडे वळला. माझं विमान दुपारचं होतं.