चुलत भावाच्या टेबलाचा ड्रॉवर

मंडळी, खरं सांगतो, आज दुपारपासून माझा नुसता जळफळाट होऊन राहिला.

कनेरगाव नाक्याला चुलत भाऊ संतोषकडं बायकोला घेऊन गेलो होतो. त्यानं घरीच टेबल बनवलंय, खाली तीन ड्रॉवर. लाकूड मोडीत काढलेल्या बैलगाडीचं. काकू त्यावर मांडी घालून तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, तरी टेबल हललं न्हाई.

मी वाकून वाकून खोट शोधली. ड्रॉवर ओढला, तर एका बोटानं बाहेर आला. बायको म्हणाली, "आवं, बघा की, कसा सरकून राहिला!" जसा काय मी आंधळाच!

आमच्या घराण्यात टेबल बनवणारा पहिला मी, बरं का. पण मी घाई केली. कडुनिंब तोडला अन् ओल्याच फळ्या ठोकल्या. पावसाळ्यात ड्रॉवर फुगून बसला, तो बसलाच. तेव्हापासून मी अवजाराला हात लावला न्हाई.

"कुठं शिकलास रे?" मी विचारलं.

"तुझ्याकडूनच की, दादा. तुझा ड्रॉवर अडकलेला पाहिला, म्हणून मी वाळलेलं लाकूड घेतलं अन् बाजूनं फट ठेवली."

तो साधेपणानं बोलला, म्हणून जास्तच लागलं.

घरी येऊन ठरवलं, आजच रंध्यानं कडा तासून माझा ड्रॉवर मोकळा करायचा. मग आठवलं, रंधा त्याच ड्रॉवरमध्ये आहे.

आता संतोषला रंधा मागितला की तो विचारणार, "दादा, तुझा कुठं गेला?" तुमीच सांगा, काय सांगू?