मुक्कामी गाडीचं जेवण

गोष्टी क्रमानं सांगायची मला सवय आहे, म्हणून आधी काकांविषयी. काका पंचायत समितीवर निवडून आलेले. गाव त्यांना नुसतं ‘मेंबर’ म्हणायचं. त्याआधी आणि नंतरही त्यांची पिठाची चक्की होती. दळण घेऊन आलेला माणूस नंबर लागेपर्यंत बोलत बसतो. कोणाची विहीर आटली, कोणाच्या म्हातारीला निराधारचे पैसे मिळत नाहीत, हे काकांना तिथंच कळायचं. सोमवारी चक्की बंद ठेवून ते सायकलवर गंगाखेडला ऑफिसांचे उंबरे झिजवायला जायचे.

मी दहावी झाले तेव्हा गावाला सकाळची एसटी नव्हती आणि कॉलेज गंगाखेडला होतं. वडिलांनी स्पष्ट सांगितलं, “गाडी आली तर अकरावी. न्हाईतर घरी बस.” काका आधीपासूनच डेपोत खेटे घालत होते. शेवटी मुक्कामी गाडी मंजूर झाली. रात्री यायची, गावात थांबायची, सकाळी परत गंगाखेडला. डेपोची अट एकच होती: ड्रायव्हर-कंडक्टरची झोपायची, जेवायची सोय गावानं करायची. झोपायला शाळेची खोली ठरली, जेवणाला घरोघर पाळी. पाळ्या मीच लिहून काढल्या.

कंडक्टर बौद्ध होता. विद्यापीठाच्या नामांतरावरून मराठवाडा पेटल्याला फार काळ लोटला नव्हता. आमच्या गावात काही जळलं नाही, पण गाव आणि बौद्धांची वस्ती यांच्यातलं बोलणं तुटलं होतं. एका रात्री पाळीच्या घरून ड्रायव्हरला पितळी ताट आलं आणि कंडक्टरला पत्रावळ. कंडक्टर म्हणाला, भूक नाही. ड्रायव्हरनंही आपलं ताट परत पाठवलं.

सकाळी ड्रायव्हर काकांना म्हणाला, “मेंबर, डेपोत इचारलं तर काय सांगू? सोय न्हाई म्हणलं की गाडी बंद.”

मी दप्तर घेऊन शेजारीच उभी होते.

त्याच दिवशी पाळीवाले गृहस्थ जवारीचा डबा घेऊन चक्कीवर आले. “मेंबर, तेवढा कंडक्टर बदलून आणा की.”

“कामून?”

“आता तुमाला काय सांगायचं. घरात बायामानसं हायत.”

काका जवारी चक्कीत ओतत म्हणाले, “तुज्याआधी कुनाचं दळण झालं, म्हाईत हाय? वस्तीतलं. मूठभर तरी तुज्या डब्यात उतरायलंय. येगळं काढून देऊ?”

रांगेतल्या बाया खुदकन हसल्या. गृहस्थ पिठाचा डबा उचलून निघून गेले. पण पाळी घेतो म्हणाले नाहीत. उलट संध्याकाळपर्यंत आणखी घरांनी नकार कळवला. माझा पाळ्यांचा कागद चुलीत गेला.

काका घरी आले आणि हळूच म्हणाले, “ते दोघं आपल्याकडंच जेवतील, म्हणलो मी.”

काकू भाकरी थापत होती. “म्हणलात? मला इचारून? मेंबर तुमी, अन् भाकरी मी थापायच्या?”

काका चुलीत काटकी सारू लागले.

“करते. पन एक ओसरीवर, एक अंगणात, असलं न्हाई चालायचं. दोन ठिकाणी वाढायला मी काय रिकामी न्हाई. दोघंबी चुलीपाशी येऊन बसतील.”

पहिल्या रात्री कंडक्टर दाराबाहेर थांबला. काकू आतून ओरडली, “या की! भाकर गार व्हायलीय.” तो आत आला.

गावातले जाणते काकांना म्हणाले, “मेंबर, पुढं इलेक्शन हाय.”

“हाय की,” काका म्हणाले.

मग एक दिवस गंगाखेडच्या स्टँडवर डेपोच्या साहेबांनी कंडक्टरला विचारलंच, “गावात सोय कशी आहे?” मी उतरता उतरता थांबले.

“सोय चांगली हाय साहेब,” तो तिकिटांची पेटी बंद करत म्हणाला. “तिखट तेवढं लय घालतात.”

संध्याकाळी मी हे काकूला जसंच्या तसं सांगितलं. “लय होतंय व्हय? ताक घे म्हणावं,” ती म्हणाली. तिखट कमी केलं नाही.

अकरावी, बारावी मी त्याच गाडीनं केली. पुढं नोकरी लागली, लग्न झालं. लांबलेली निवडणूक बऱ्याच वर्षांनी लागली आणि काका पडले. आमच्याच गावानं पाडलं. निकालाच्या संध्याकाळी मी माहेरी होते. काका ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. अंधार पडला आणि मुक्कामी गाडीचा हॉर्न ऐकू आला. तिचं जेवण अजून आमच्याकडंच होतं.

काकू आतून म्हणाली, “आता तर मेंबर न्हाईत ना तुमी? उठा मग, पाट मांडा.”

काका उठले.