टमाट्याच्या वावरातली पाहणी

मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई नांदगाव खंडेश्वरला घरीच सांडगी मिरच्या करून विकतो. पाकिटं अमरावतीहून छापून आणायचो. बाहेरून लाल, आतून चंदेरी. मागे तीन बाणांचा त्रिकोण आणि खाली 'शंभर टक्के पुनर्वापरयोग्य'. हे आम्ही सांगितलंच नव्हतं. तेवढा कोपरा ओका दिसतो म्हणून छापणाऱ्याने ते आपल्या मनाने टाकलं होतं. बाणांचा अर्थ एका गिऱ्हाइकाने विचारला, तर जाऊबाई बिनधास्त म्हणाल्या, "मिरच्या तयतानी तीनदा उलटवाच्या."

मग एका कार्यालयाचं पत्र आलं. पाकिटावर केलेल्या दाव्याचा पुरावा द्या, नाहीतर दावा काढून टाका.

जाऊबाईंच्या माहेरी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कोर्टकचेरी चालू होती. त्या घाबरून खालीच बसल्या. "आपन कोनावर दावा लावला वो?"

कार्यालयातले साहेब भले होते. म्हणाले, "ताई, रिकामं पाकीट पुढे कोण घेतं, तेवढं लेखी आणा."

आम्ही थेट भंगारवाल्याकडे गेलो. त्याने पाकीट टराटरा फाडून आतली चंदेरी बाजू दाखवली. "हे दोन थर चिकटवेल हायत. याले कोनी घेत नाई."

"कोनीच नाई, भाऊ?"

"एक मावशी नेतात. टमाट्याच्या वावरात याच्या पट्ट्या बांधतात. चमकीले पाखरं भेतात म्हने."

"मंग तेच लिहून द्या," जाऊबाई म्हणाल्या.

त्याने लिहून दिलं : 'सदर पाकीट मी घेत नाही. मावशी घेतात.' आणि दुकानाचा शिक्का दोनदा मारला.

साहेबांनी ते तीनदा वाचलं. "अडचण अशी आहे, की बाण पुनर्प्रक्रियेचे आहेत आणि अक्षरं पुनर्वापराची. बाण तर खोटेच आहेत. अक्षरं कदाचित खरी निघतील. पण त्यासाठी स्थळपाहणी करावी लागेल."

स्थळ पाहायला साहेब येणार म्हटल्यावर मावशींनी पोहे केले, नवं लुगडं नेसल्या.

वावरात पट्ट्या लखलखत होत्या. साहेब फाईल घेऊन टमाट्याच्या ओळीत उभे राहिले. एकही पाखरू नव्हतं.

"पाहा, पट्ट्यांमुळंच येत नाई," मावशी म्हणाल्या.

"पण पाखरं पट्ट्यांना भिऊन येत नाहीत, की मला?"

जाऊबाई म्हणाल्या, "साहेब, तुमी जरा लपा."

साहेब खरंच धुऱ्यावरच्या तुरीमागे जाऊन बसले. त्यांच्यामागे आम्ही तिघी. बोलायची बंदी. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मावशींनी मधेच पोह्यांची बशी सरकवली, साहेबांनी आवाज न करता संपवली.

बऱ्याच वेळाने एक राघू आला. पट्टी बांधलेल्या काठीवरच ऐटीत बसला, आणि वाकून एक पिकलं टमाटं पोखरू लागला. मावशींना राहवेना. त्यांनी टाळी वाजवली, "हट् मेल्या!" राघू उडाला.

"उडाला की नाई?" मावशी म्हणाल्या.

"पट्टीमुळे, की टाळीमुळे?" साहेबांनी हळूच विचारलं.

मला मावशींपेक्षा साहेबांचीच दया आली. गुडघ्याची माती झटकत त्यांनी फाईलमध्ये लिहिलं, 'दावा सिद्ध होत नाही.' मग विचारलं, "ठीक आहे ना, ताई?" मी म्हटलं, "बरोबरच हाय साहेब."

उरलेल्या पाकिटांवरचे बाण आणि अक्षरं आम्ही दोघींनी काळ्या मार्करने खोडली. चार दिवस लागले. जेवताना भाकरीला शाईचा वास यायचा. नवी पाकिटं येईपर्यंत हीच विकली. गिऱ्हाइकं विचारायची, या काळ्याखाली काय लिहिलं होतं?

जाऊबाई माझ्याकडे पाहायच्या. मी सांगायची, "खोटं लिहेल होतं. मिरच्या मात्र खऱ्या हायत."

लोक हसायचे आणि दोन पाकिटं जास्तच न्यायचे.