मूळ कागद

"येरवडा? भिंतीच्या आत का बाहेर?"

सरांनी माइकवरून विचारलं. सगळा हॉल हसला. बीएचं शेवटचं वर्ष, करिअर मार्गदर्शनाचा दिवस. फॉर्म देऊन मी स्टेजजवळ उभी.

"बाहेर, सर. जेलच्या मागच्या वस्तीत."

पुढे काय करायचंय, या रकान्यात मी लिहिलं होतं: मोडी शिकून जुनी दफ्तरं वाचायची. इतिहासाच्या बाईंनी एकदा वर्गात मोडी कागद वाचून दाखवला होता. तेव्हापासून डोक्यात तेवढंच.

सरांनी माझं आडनाव पुन्हा पाहिलं. मग गोड आवाजात म्हणाले, "अहो, मोडी आमच्या घरातल्यांनाही वाचता येत नाही. आपण कशाला त्रास घेता? आपल्या लोकांत बोलण्याची अदब असते. फोनवर छान चालेल."

पुन्हा हशा. त्यांनी माझी ओळ खोडली. वर लिहिलं, कॉल सेंटर. मला विचारलंसुद्धा नाही.

मागच्या टेबलाकडे पाठवलं. तिथे आधीच पाच मुली. सगळ्या वस्त्यांमधल्या. कॉल सेंटरच्या कंपनीचा माणूस मान वर न करता म्हणाला, "ओरिजिनल मार्कशीट जमा करा. दोन वर्षांनी परत." मुली देत होत्या. मीही दिल्या. त्याने फाईलमध्ये घातल्या.

आणि मला शबाना आठवली. आमच्याच गल्लीतली, एक वर्ष पुढे. तिलाही याच टेबलावरून नेलं होतं. तिला नोकरी सोडायचीय. कागद देत नाहीत म्हणून सुटत नाही. आता सुट्टीच्या दिवशी ती दार लावून बसते. फोन वाजला की दचकते. तिथे काय होतं, ते आईलाही सांगत नाही.

"माझे कागद परत द्या," मी म्हणाले.

"आता एंट्री झाली."

मी फाईल धरली. त्यानेही सोडली नाही. सर आले. या वेळी आवाज गोड नव्हता.

"परीक्षा अजून व्हायचीय. लक्षात आहे ना?"

तरी मी फाईल ओढून उघडली, माझे कागद काढले. त्या पाच जणींकडे पाहिलं. एकीनेही नजर वर केली नाही. मी एकटीच बाहेर पडले.

घरी अब्बा म्हणाले, "बेटा, सरांशी वैर नको. मार्क त्यांच्या हातात आहेत."

खरं होतं. मला भीती वाटत होती. अजून वाटते.

सकाळी शबानाचं दार वाजवलं; तिला सुट्टी होती. बऱ्याच वेळाने तिने उघडलं.

"चल. तुझे कागद आणू."

"ते देणार नाहीत. तुला माहीत नाही ती माणसं."

"मग माहीत करून घेते."

तिने चपला घातल्या. माझा हात घट्ट धरला.

मला नापास करतील. करू देत. पुन्हा बसेन. मोडी शिकणार म्हणजे शिकणार. पण आधी शबानाचे कागद. ते तिच्या हातात पडेपर्यंत त्या कंपनीच्या ऑफिसच्या दारातून मी हलणार नाही.