मोहाचा काटा

हेलिकॉप्टर आलं की आमच्या गावात कोणी वर बघत नाही, आधी कान देतात. जंगलावर घिरट्या घालत राहिलं तर ते कोणाला तरी शोधतंय. सरळ शाळेच्या मैदानात उतरलं तर कोणीतरी जखमी आहे, नाहीतर मोठे साहेब आलेत. मी लग्न होऊन पोंभुर्ण्याहून भामरागडला आले तेव्हा मला यातलं काही कळत नसे. पहिल्यांदा ते उतरलं तेव्हा मी हौसेनं अंगणात धावले, तर सासूबाई म्हणाल्या, "काऊन पाहून राह्यली? कोणाचं तरी पोरगं पडलं असन." तेव्हापासून मी धावत नाही. बाहेरचे लोक इथल्या लढाईला युद्ध म्हणत नाहीत. आम्हीही म्हणत नाही, पण तिच्यातच भाजी निवडतो आणि पोरं शाळेत घालतो.

आमचं दुकान त्या मैदानाला लागून. किराणा विकायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं विकत घ्यायची, हा सासऱ्यांपासूनचा धंदा. विकायचा काटा लहान, गल्ल्यापाशी. मोह मोजायचा काटा मोठा, जमिनीवर ठेवायचा, लाल आकड्यांचा. त्याला एक खोड होती, ती फक्त घरच्यांनाच ठाऊक आहे, असं आम्हाला वाटायचं. तो दहाचे नऊ दाखवायचा. खोड म्हटलं की मी अजूनही नवऱ्याला पाठीशी घालते. ती लावून घेतलेली होती. हे म्हणायचे, "तांदुळात त आपण कोणाले लुटत नाई ना?" आणि मी हसायचे. लिहिताना लाज वाटते, पण हसायचेच. माझ्या कानातले त्याच काट्याचे आहेत.

एका पावसाळ्यात नदीवरचा पूल पाण्याखाली गेला आणि रस्ता तुटला. नदीपलीकडच्या पाड्यातून एका बाळंतपणाच्या बाईला माणसांनी खाटेवर घालून, डोंग्यातून आणलं होतं. सोबत तिची आई. पोट केव्हाचं दुखत होतं, मूल अडलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की हिला जिल्ह्याला न्यायलाच हवं, इथं माझ्या हातात काही नाही. त्याच दुपारी मांडीत गोळी लागलेल्या एका जवानाला न्यायला हेलिकॉप्टर उतरलं. लहानसंच होतं ते. डॉक्टर पावसात धावत वैमानिकाकडे गेले.

वैमानिक तरुण होता, बोलायला नम्र. त्यानं आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ले जाऊंगा. लेकिन सबका वजन चाहिए, अंदाजा नहीं."

दवाखान्यात वजनाचं यंत्र होतं, पण ते बंद पडलेलं. डॉक्टरांनी आमच्या दुकानाकडे वळून हाक मारली, "भाऊ, मोहाचा काटा आणा बरं लवकर."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या संसारात आम्ही एकमेकांकडे इतकं नीट क्वचितच पाहिलं असेल. सांगू का, असं ते विचारत होते. मैदानात अर्धं गाव उभं होतं, आणि त्यातल्या प्रत्येकानं त्या काट्यावर मोह घातलेला होता. मी खुंटीवरची छत्री काढली आणि काटा भिजू नये म्हणून बाहेर निघाले. तेच माझं उत्तर होतं.

काट्यावर आधी सोबत जाणाऱ्या नर्सबाई चढल्या. मग त्या बाईला दोघींनी धरून बसवलं. मग तिची आई उभी राहिली, सवयीनं, जशी दर मोसमात टोपली घेऊन उभी राहायची. मी तिच्या डोक्यावर छत्री धरली होती. लाल आकडे एक जण मोठ्यानं वाचत होता. जवानानं पडल्यापडल्या स्वतःचं वजन सांगितलं. वैमानिकानं तळहातावर बेरीज केली आणि मान हलवली. सगळी बसली.

पंखा फिरला, पाणी उडालं. हेलिकॉप्टर जमिनीपासून हातभर उचललं, डगमगलं आणि पुन्हा खाली बसलं. वैमानिकानं दुसऱ्यांदा उचललं. पुन्हा तेच. मला तेव्हा खरी भीती वाटली. एवढी माणसं त्या फुगलेल्या नदीवरून जाणार होती आणि मी छत्री धरून गप्प होते.

त्यानं काचेतून डॉक्टरांकडे पाहून हात हलवला. वजन चुकलं होतं, हे त्याला कळलं. ढग खाली येत होते. मागे जवानाचं सामान होतं, टपालाच्या दोन गोण्या होत्या, त्या दोरीनं बांधलेल्या. गोण्या सोडायला वेळ लागला असता. दाराशी आई बसली होती. डॉक्टरांनी तिला खाली घेतलं.

मुलीनं तिचा पदर धरून ठेवला होता. नर्सबाईंनी तिची बोटं सोडवली. "यायो," ती ओरडली. इतक्या वर्षांत आई या अर्थाचा तेवढा एक माडिया शब्द मला आपसूक कळतो. मग दार लागलं आणि या वेळी हेलिकॉप्टर सरळ वर गेलं.

आवाज विरल्यावर एक म्हातारा हळूच म्हणाला, "काटा त मोहाचाच होय ना." कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. भांडायला कोणी आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. लोक आपापल्या घरी गेले. काटा आणताना दोघं धावले होते, नेताना हे एकटेच होते.

पाणी उतरेपर्यंत ती आई आमच्या ओसरीवर राहिली. मी भात वाढला की ती खायची. तिला मराठी बाजारापुरतंच येत होतं, मीठ, तेल, किती. ती हेलिकॉप्टर गेलं त्या दिशेला बोट दाखवायची आणि मी "येईल, येईल" म्हणायचे. माझ्या तोंडून तेही किती सहज निघत होतं.

"खरं सांगतलं असतं तरी तिची माय उतरलीच असती," हे मला म्हणाले. "वजन जास्त होतं म्हणजे होतंच."

"आधी कळलं असतं तर गोण्या काढल्या असत्या," मी म्हणाले. "मैदानात वेळ होता तवा."

 दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काटा उघडला आणि दहाचे दहा केले. गावात कोणाला सांगितलं नाही. काय म्हणून सांगणार?

निरोप दवाखान्यात आला. मुलगा झाला होता, बाई गेली होती. शेवटपर्यंत ती काहीतरी सांगत होती, म्हणे, पण तिथं कोणाला तिची बोली येत नव्हती. रस्ता मोकळा झाल्यावर आई जीपनं जिल्ह्याला गेली आणि नातवाला घेऊन आली. जाताना आमच्या दारावरूनच गेली. मी अंगणवाडीच्या बाईंकडून माफीचं एक वाक्य माडियात शिकून ठेवलं होतं. ते माझ्या तोंडून आजवर निघालेलं नाही.

मोहाचा मोसम आला. मला वाटलं होतं ती येणार नाही, पण मोह घेणारं दुकान आमचंच. ती आली, डोक्यावर टोपली, पाठीशी बांधलेलं पोर. टोपली तिनं जमिनीवर ठेवली. पोराला सोडलं आणि काट्यावर बसवलं. "सात," ती म्हणाली. अंगणवाडीत तो सात किलो भरला होता.

लाल आकडे थरथरले आणि सातावर थांबले. ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मग पोराला उचलून माझ्या हातात दिलं आणि काट्यावर मोह ठेवला.

तेव्हापासून दर मोसमात असंच. आधी अंगणवाडी, मग नातू, मग मोह. आता तो चालतो. दुकानात शिरला की आपणहूनच काट्यावर चढून उभा राहतो, आणि आकडा सांग म्हणून माझ्याकडे बघून हसतो. त्याला तो खेळ वाटतो.