यादीतला विसावा माणूस

कंपनीच्या बसचे ड्रायव्हर अख्ख्या कंपनीचे मामा होते. संगणकावर काम करणारी ती पोरं गळ्यात पट्टा आणि कानात इअरफोन घालून चढायची आणि बसल्या बसल्या झोपायची. मामा त्यांना दचकू न देता पोचवायचे. स्वभावानं ते पक्के भित्रे. बायको म्हणायची, "ह्यांना हॉर्न वाजवायचीसुद्धा भीती वाटते." खोटं नव्हतं ते.

कंपनी सुरू झाली तेव्हा मंत्र्यांनी भाषणात सांगितलं होतं, की आत संगणकापुढे एक माणूस बसला की बाहेर पाच जणांच्या पोटाची सोय होते. मामांनी ते वाक्य मनावर घेतलं. ते घरात बोटांवर मोजून दाखवायचे: मी बसवर, बायको पोरांना डबे देते, लेक त्यांच्या कपड्यांना इस्त्री करते, जावई गेटवर वॉचमन. "झाले चार! आणि पाचवं पोट अजून पोटातच आहे," असं म्हणत सातवा महिना लागलेल्या लेकीकडे बघून स्वतःच हसायचे.

"बाबा, रोज तोच विनोद," लेक वैतागायची.

पण मामांचं हसू वरवरचं होतं. एकेक जण घरी बसून काम करायला लागला होता आणि बसमधल्या सीटा रिकाम्या होत होत्या. नियम साधा होता. वीसच्या खाली माणसं आली की फेरी बंद, आणि फेरी बंद की ड्रायव्हर घरी. एकाच झाडावर सगळं घर बसलेलं, आणि त्याची पानं गळताना मामांना रोज आरशात दिसत होती.

सकाळी जो चढेल त्याच्या नावापुढे छापील यादीत खूण करायची आणि तो कागद गेटवर जावयाकडे द्यायचा, अशी पद्धत होती. एक दिवस माणसं एकोणीसच भरली. नकाशांच्या विभागातला चष्मेवाला आला नव्हता. मामांनी पाच मिनिटं वाट पाहिली, आणि मग इकडेतिकडे बघून त्याच्या नावापुढे खूण केली. दुसऱ्या दिवशी दोनच मिनिटं वाट पाहिली. पुढच्या दोन महिन्यांत चष्मेवाला एकदाही बसमध्ये चढला नाही, पण कागदावर त्याचा एकही खाडा नव्हता.

मग मंगळवारी अकराच्या सुमाराला चौथ्या मजल्यावर, नकाशांच्या विभागाशेजारच्या बॅटऱ्यांच्या खोलीत आग लागली.

सगळे मैदानात आले. वीज गेल्यामुळे गेटवरचं कार्डांचं मशीन बंद पडलं होतं, आत कोण राहिलं ते कळेना. सुरक्षा अधिकारी बाईंनी बसच्या याद्या मागवल्या आणि नावं पुकारायला सुरुवात केली. मामा बसला टेकून उभे होते. आपली यादी बाईंच्या हातात दिसली तेव्हा ते मनातल्या मनात नावं मोजायला लागले.

एकोणीस जण "हजर" म्हणाले. विसावं नाव तीनदा पुकारलं गेलं.

"तो घरूनच काम करतो ना?" कोणीतरी म्हणालं.

"आजची खूण आहे. म्हणजे आलाय," बाई म्हणाल्या. "फोन लावा त्याला."

फोन लागेना.

आता बोलावं, मामांना वाटलं. नंतर वाटलं, आगीचा बंब येईल, तेवढ्यात त्याचा फोन लागेल, मग कशाला? वरच्या खिडक्यांतून काळा धूर बाहेर पडत होता.

तेवढ्यात जावयानं टॉवेल पाण्यात बुडवून तोंडाला गुंडाळला.

"थांब, बंब येऊ दे," बाई ओरडल्या. "नक्की आहे का तो वर?"

"मामांची यादी आहे मॅडम. ती चुकत नाही," जावई म्हणाला आणि जिन्याकडे धावला.

मामा नुसते बघत राहिले. जावई दारातून आत दिसेनासा झाला, तेव्हा कुठे ते पळत सुटले आणि बाईंच्या पुढ्यात धापा टाकत म्हणाले, "वर कोणी नाही हो! खोटी खूण आहे. मीच केली. त्याला परत बोलवा!"

बाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि वॉकीटॉकी तोंडाशी धरली. पलीकडून नुसती खरखर. त्या पुन्हा पुन्हा हाका मारत राहिल्या. मामांच्या डोळ्यांपुढे लेकीचं पोट येत होतं. देवाला काय सांगायचं तेही त्यांना सुचेना. मिनिटं किती गेली कोण जाणे.

जावई बाहेर आला तो भिंतीला धरूनच. तोंड काळं, भुवया जळालेल्या. मामांना पाहताच तो लहान मुलासारखा रडायला लागला.

"सगळी टेबलं बघितली मामा, खाली वाकून बघितली. हाका मारल्या. पुढं जाववेना हो. तो वरच राहिला."

"कोणी नव्हतं, बापू," मामा म्हणाले. "तो आलाच नव्हता. ती खूण मी रोज करायचो."

जावयाला आधी काही समजलं नाही. मग त्यानं टॉवेलनं डोळे पुसले आणि सासऱ्यांकडे नीट पाहिलं.

"मी आत शिरलो तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"इथंच," मामा म्हणाले. "इथंच होतो."