दोन गाड्यांची एक गाडी

ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं आणि सिंगापूरच्या पश्चिम भागातल्या चौकशी शाखेत मी स्टेशन इन्स्पेक्टर होतो. आता फाइली बंद करायच्या, नव्या उघडायच्या नाहीत, असं मनाशी ठरवून बसलो होतो. तेवढ्यात फोन वाजला.

फोन माझ्या वडिलांच्या एका जुन्या सहकाऱ्याचा होता. वडील मुंबईच्या गोदीतून सेम्बावांगच्या जहाजदुरुस्ती कारखान्यात कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. हे तमिळ अंकल त्याच कारखान्यात वेल्डर होते. जहाजं सोडली तेव्हा त्यांनी मोटारींचं छोटं गॅरेज टाकलं. उगाच फोन करणारा माणूस नव्हे.

"जेवणाच्या आधी ये," ते म्हणाले. "फोनवर सांगण्यासारखं नाही."

मी माझ्या हाताखालच्या सार्जंटला बरोबर घेतलं. तिशी ओलांडलेली, चिनी घरातली, गाड्यांची मनापासून आवड असलेली मुलगी. गॅरेजमध्ये शिरताच ती थबकली आणि म्हणाली, "वा, सर! ही इथे?"

समोर एक पांढरी जपानी हॅचबॅक उभी होती. दिसायला लहान, पण आत टर्बो इंजिन, चारही चाकांना ताकद आणि हाताने टाकायचे सहा गिअर. अशा गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं थांबतात, असं सार्जंटने मला तिथल्या तिथे सांगितलं. मालकिणीला ड्रायव्हरसाठी शर्यतीच्या गाडीसारखी घट्ट सीट बसवून हवी होती. त्यासाठी अंकलनी जुनी सीट काढली, गालिचा उचलला आणि खालचा पत्रा पाहिला. त्या पत्र्यावरच गाडीचा चॅसी नंबर कोरलेला असतो.

"बोट फिरव," अंकल मला म्हणाले.

मी फिरवलं. नंबराच्या चारही बाजूंनी रंगाखाली एक बारीक उंचवटा लागत होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं.

"वेल्ड आहे," ते म्हणाले. "चांगल्या हाताचा. पण कारखान्यात ह्या जागी वेल्ड नसतो. नंबर खरा, लोखंडही खरं. ह्या गाडीचं नाही, एवढंच."

माझ्या अंगावर काटा आला. तीस वर्षांच्या नोकरीनंतरही असं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सार्जंट तोवर मागच्या सीटवर चढून बसली होती. जपानी गाड्यांच्या सीटबेल्टवर मुळाशी एक कापडी पट्टी शिवलेली असते आणि तिच्यावर बनावटीचं साल असतं. पुढच्या दोन्ही बेल्टांच्या पट्ट्या कापलेल्या होत्या. मागच्या मधल्या बेल्टची मात्र कापणारा विसरला होता. तिने ती ओढून वाचली आणि शेवटी इथला ठसक्याचा 'लाह' लावत ओरडलीच, "सर, ही गाडी कागदापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, लाह!"

हे महत्त्वाचं का, ते सांगतो. जपानमधून वापरलेली गाडी सिंगापुरात आणायची तर तिच्या पहिल्या नोंदणीला तीन वर्षं पूर्ण झालेली असता कामा नयेत. त्याहून जुनी गाडी इथे नोंदवत नाहीत. म्हणून चांगली पण जुनी गाडी जपानमध्ये स्वस्तात मिळते आणि इथे तिचा काही उपयोग नसतो. कोणीतरी त्या जुन्या गाडीला एका तरुण गाडीचा नंबर चिकटवला होता. पोलिसांच्या भाषेत सांगायचं तर कागद एका गाडीचे आणि गाडी भलतीच.

आणि त्या कागदांवर सही होती मालकिणीची.

मालकीण नोव्हेनाच्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ होती. मूळची पुण्याची, चाळिशीतली, जुरोंग ईस्टच्या काँडोत राहणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाखेत आली ती उत्साहाने, कारण आपल्याला का बोलावलंय याची तिला कल्पनाच नव्हती. माझ्या छातीवरचं आडनाव वाचून म्हणाली, "अय्या, तुम्ही मराठी?"

"हो. पण जबाब इंग्रजीतच घ्यावा लागेल, डॉक्टर," मी म्हटलं. मराठी बोलणारा माणूस समोर आला की मी मुद्दाम दोन पावलं मागे सरकत असे. ती मराठी आहे, पक्षपाताचा आरोप नको, असं वरिष्ठांना सांगून सार्जंटला शेजारी बसवलं होतं.

मी गाडीबद्दल विचारलं आणि तिचा बांध फुटला. जपानमध्ये जुन्या गाड्या विकतात त्या लिलावाचा तपासणीचा कागद कसा वाचायचा, ओरखड्याला कोणतं अक्षर, डागडुजीला कोणतं, कोणत्या रंगात किती गाड्या निघाल्या, हे सगळं तिला पाठ होतं. वडिलांच्या स्कूटरच्या दुकानात ती लहानाची मोठी झालेली. डीलरकडून घेण्याऐवजी तिने गाडी स्वतःच्या नावावर आयात केली होती. कामकाज पाहायला एक एजंट होता, पण आयातीच्या घोषणापत्रावर सही तिचीच.

खरं सांगतो, ती जसजशी बोलत गेली तसतसा माझा संशय वाढत गेला. इतकं जाणणाऱ्या बाईला आपल्या सीटखाली काय आहे ते कळलं नसेल?

मग मी तिच्यापुढे वेल्डचा फोटो ठेवला.

तिने तो उचलला, उजेडाकडे धरला. मग मराठीतच म्हणाली, "म्हणजे मी चार महिने दुसऱ्याच गाडीला माझी गाडी म्हणत होते?"

गुन्हा शाबीत झाला असता तर तुरुंग तर होताच, शिवाय डॉक्टरकीचा परवाना आणि कायमच्या रहिवासाचा हक्क, दोन्ही पणाला लागले असते. तिला ते समजलं होतं. जबाब वाचून दाखवला तेव्हा तिने प्रत्येक पानावर सही केली.

दुपारी एजंट आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, नम्र. त्याने आपणहून फोन पुढे केला. "सर, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. गाडी डॉक्टरांनी निवडली. मी फक्त जहाजावर चढवली. माझं साधं गोदामही नाही. आणि हे बघा त्यांनी काय लिहिलंय."

संदेश डॉक्टरचाच होता. 'काहीही करा, पण ही गाडी तीन वर्षांच्या आत बसवा.'

सार्जंटने माझ्याकडे पाहिलं. मीही तिच्याकडे पाहिलं. केस तिथेच संपल्यासारखी वाटली.

डॉक्टरला पुन्हा बोलावलं. संदेश दाखवल्यावर ती खुर्चीतून अर्धी उठली. "अहो, लिलावातल्या त्या गाडीची मुदत संपायला दोनच महिने राहिले होते! जहाज लवकर पकडा, एवढंच म्हणायचं होतं मला. ह्याचा असा अर्थ होतो?"

"होऊ शकतो," मी म्हटलं.

दोघांपैकी एक खोटं बोलत होतं. माझा एक अनुभव आहे. खोटं बोलणारा माणूस मोठ्या प्रश्नांची तयारी करून येतो, किरकोळ प्रश्नांची करत नाही. म्हणून मी मोठे प्रश्न बाजूला ठेवले आणि डॉक्टरला म्हटलं, "गाडी मिळाल्यापासूनचं सगळं सांगा. काहीही झालं असेल ते. अगदी पेट्रोल कुठे भरलं तेसुद्धा."

ती सांगत गेली, सार्जंट लिहीत गेली. तासाभराने एक गोष्ट आली. जुरोंग ईस्टच्या मॉलच्या पार्किंगमध्ये कोणीतरी तिच्या गाडीचा डावा हेडलाइट फोडून गेला होता. तिने एजंटला कळवलं. त्याने दोन दिवसांत अस्सल हेडलाइट आणून बसवून दिला.

सार्जंटचं पेन थांबलं. "दोन दिवसांत? ह्या गाडीचा? सर, माझ्या मित्राला त्यासाठी सात आठवडे थांबावं लागलं होतं."

आम्ही दोघंही एकदम उठलो. डॉक्टर आमच्याकडे बघतच राहिली.

एजंटला पुन्हा समोर बसवलं. ह्या वेळी कायद्याने द्यायची ताकीद देऊन. मी वेल्डचा विषय काढला नाही, नंबराचा काढला नाही, त्या संदेशाचाही काढला नाही. म्हटलं, "हेडलाइट कुठून आणलात?"

"जपानहून. विमानाने."

"पावती असेल."

"असेल... नाही, एका मित्राकडे पडून होता."

"मित्राचं नाव?"

तो पाणी प्यायला. इतका वेळ समोरचा ग्लास त्याने उचललाही नव्हता. "म्हणजे माझ्या गोदामात होता," तो म्हणाला आणि म्हणताच त्याच्या लक्षात आलं की पहिल्या जबाबात आपण गोदाम नाही असं सांगितलंय.

गोदाम होतं. जुरोंगच्या औद्योगिक भागात, पत्नीच्या नावावर भाड्याने घेतलेलं. झडतीचा आदेश त्याच संध्याकाळी मिळाला. चार अंमलदार, न्यायसहायक प्रयोगशाळेचे दोघं, सार्जंट आणि मी. सार्जंटच्या म्हणण्यावरून मी अंकलनाही वाटेत घेतलं. जाणकार म्हणून त्यांचं नाव रीतसर नोंदवलं.

शटर वर गेलं. आत टायरांच्या चळती, बंपर, दरवाजे. आणि अगदी मागे ताडपत्रीखाली एका पांढऱ्या गाडीचा पुढचा अर्धा भाग. इथे त्याला हाफ-कट म्हणतात. गाडी मधोमध कापून सुटे भाग म्हणून आयात करायची. नाकाची उजवी बाजू चेपलेली, डाव्या हेडलाइटची जागा रिकामी.

सार्जंट गुडघ्यांवर बसली, ड्रायव्हरच्या बाजूच्या तळावर टॉर्च मारली आणि हळूच म्हणाली, "सर."

सीट जिथे असायची तिथे पत्र्यात एक चौकोनी भोक होतं. वहीच्या आकाराचं.

माझं वय, माझा हुद्दा, सगळं विसरून मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. पण भोक म्हणजे पुरावा नव्हे. त्या भोकातलाच तुकडा डॉक्टरच्या गाडीत आहे, हे दाखवायला हवं होतं.

मार्ग अंकलनी सांगितला. "वरून बघू नका, खालून बघा." कारखान्यात पत्र्याच्या खालच्या बाजूला गंज लागू नये म्हणून एक चिकट लेप मारतात. तो ब्रशने मारलेला असतो आणि दोन गाड्यांवर ब्रशचा फटकारा कधीच सारखा पडत नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या आवारात जप्त केलेली डॉक्टरची गाडी लिफ्टवर चढवली. प्रयोगशाळेच्या माणसांनी वरचा नवा काळा रंग उतरवला, वेल्ड केलेल्या तुकड्याचा शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढला आणि हाफ-कटच्या भोकाच्या फोटोवर ठेवला. लेपाचा एक तिरपा फटकारा भोकाच्या कडेला येऊन तुटला होता. तुकड्यावर तोच फटकारा, त्याच तिरक्या चालीने पुढे सरकत होता आणि पलीकडच्या कडेने बाहेर पडून पुन्हा हाफ-कटवर चालू होत होता. एका ब्रशचा एक हात, मध्ये कुठेही खंड नाही.

सार्जंटने टाळीच वाजवली. मी तिला दटावलं नाही. माझाही हात उचललाच होता.

त्यानंतर सगळं भराभर झालं. जप्त केलेल्या एजंटच्या लॅपटॉपवर जपानमधल्या त्याच्या भागीदाराशी झालेली बोलणी मिळाली. अपघातात गेलेली एक तरुण गाडी दोघांनी भंगारात घेतली होती. कागद तिचे. धड एका जुन्या, चांगल्या गाडीचं. डॉक्टरने पसंत केलेला लिलावाचा कागदही भागीदारानेच बनवलेला होता. एजंटने भागीदाराला लिहिलेली एक ओळ मला जशीच्या तशी आठवते. 'बाई जाणकार आहे. सीटखालचं काम नीट कर, तिला संशय येता कामा नये.' अपघातातल्या गाडीचा तो हाफ-कट फेकून दिला असता तर आम्हाला कदाचित काहीच सापडलं नसतं. पण त्याचा डावा दिवा, आरसे, दरवाजे विकले जात होते. तो टाकायला एजंटचं मन झालं नाही.

ब्रशच्या फटकाऱ्याचा तो फोटो दाखवल्यावर एजंटने गुन्हा कबूल केला आणि त्याला शिक्षा झाली. डॉक्टरवर कोणताही आरोप ठेवला नाही. गाडीची नोंदणी मात्र रद्द झाली आणि ती मोडीत काढायचा हुकूम निघाला. कायद्यापुढे ती गाडी अस्तित्वातच नव्हती.

नेण्याच्या दिवशी डॉक्टर आवारात आली. तिने विचारलं, "एकदा आत बसू का? चालू करत नाही." मी रजिस्टरमध्ये तशी नोंद केली आणि दार उघडलं. तिने क्लच दाबला आणि पहिला, दुसरा, तिसरा, असे सहाही गिअर टाकून पाहिले. मग उतरून किल्ली माझ्या हातात दिली.

"डॉक्टर," मी ह्या वेळी मराठीत म्हटलं, "पहिल्या दिवशी मला तुमच्यावरच संशय आला होता. माफ करा."

"का आला?"

"तुम्हाला फारच माहिती होती."

ती मोठ्याने हसली. त्या सबंध प्रकरणात पहिल्यांदाच. "अहो साहेब, आवडत होती म्हणून माहिती होती. पुढच्या महिन्यात मी जपानला जातेय. ह्या वेळी लिलावाच्या मैदानावर स्वतः उभी राहणार आणि गाडीखाली झोपून बघणार."

आणि ती खरंच गेली. नवी गाडी आणली, निळी, सगळ्या तपासण्यांतून रीतसर पास झालेली. मी निवृत्त झाल्यावर एका रविवारी तिने मला सेम्बावांगपासून फिरवून आणलं. तिसऱ्या गिअरला पाठ सीटला चिकटली तेव्हा मी लहान मुलासारखा ओरडलो, हे इथे कबूल करतो.

ह्या केसने मला काय शिकवलं, तर ही एक गोष्ट. आम्ही पोलीस माणसाच्या घाबरण्यात, गप्प बसण्यात, जास्त बोलण्यात अपराध शोधत असतो. एखाद्याचे डोळे आपल्या आवडीच्या गोष्टीबद्दल बोलताना चमकतात, ती चमक मला ओळखता आली नाही आणि मी तिला लबाडी समजलो. तीस वर्षांत अशी किती माणसं माझ्यासमोर त्या खुर्चीत बसली असतील आणि मी त्यांच्या आनंदावर संशय घेतला असेल, ते मला आता मोजता येणार नाही. पण सार्जंट आता इन्स्पेक्टर झाली आहे आणि कामाबद्दल विचारायला अधूनमधून फोन करते. मी तिला दर वेळी सांगतो, समोरचा भरभरून बोलत असेल तर आधी तो कशावर प्रेम करतो ते समजून घे. संशय त्याच्यानंतर घे.